दोनशे सतरा नंबरचं झाड

बन्सीभाऊ मोजायला उभे राहिले की आधी मनगटावरचं घड्याळ काढायचे. स्टीलच्या पट्ट्याचं जुनं घड्याळ. मी कधीमधी सोबत असले की ते माझ्या हातात द्यायचे आणि मला चार पावलं मागे सरायला सांगायचे. "लोखंड जवळ नको मॅडम. काटा हलतो." काटा हलतो तो होकायंत्राचा, मोबाइलमधल्या जीपीएसला घड्याळाचं काही वाटत नाही, हे मी त्यांना पाच वर्षांत पन्नास वेळा तरी सांगितलं असेल. ते मान डोलवायचे, आणि पुढच्या झाडापाशी घड्याळ पुन्हा माझ्या हातात.

बन्सी गंगावणे. वय पंचावन्न, राहायला शहराच्या कडेच्या हर्सूलला, मूळ गाव देवगाव रंगारीच्या अलीकडचं एक लहानसं खेडं. म्हातारी आई मुक्ताबाई अजून तिथंच राहते, कारण शहरातल्या पाण्याला चव नाही असं तिचं मत आहे. बन्सीभाऊंनी आयुष्यातली वीस वर्षं एका खाजगी मोजणीदाराच्या हाताखाली साखळी धरण्यात घालवली. शेताची हद्द मोजताना लोखंडी साखळीचं एक टोक मोजणीदाराकडे, दुसरं यांच्याकडे. साखळी ढिली पडली की बांध शेजारच्या शेतात सरकतो आणि मग भाऊ भावाचं डोकं फोडतो, ही त्यांची शाळा. पुढे मोजणीदार वारले, यंत्रं आली, साखळ्या भंगारात गेल्या. त्यातली एक बन्सीभाऊंनी भंगारवाल्याकडून परत आणून घरी पलंगाखाली ठेवली. का, असं विचारलं तर म्हणायचे, "ती खोटं बोलत नाय."

मी करुणा. पूर्वी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, आता ज्योतीनगरमधल्या दोन खोल्यांत एक छोटी संस्था चालवते. कुठं रस्ता, कुठं कारखाना येणार असला की त्याआधी तिथं काय काय जिवंत आहे त्याची यादी आणि नकाशा करून देणं हे आमचं काम. जुनी झाडं, घरटी, पाणवठे, गवताचे पट्टे. खुर्चीवर बसणाऱ्या आम्ही दोघी, मी आणि संगणकावर नकाशा करणारी तनुजा. रोज रान तुडवणारे एकटे बन्सीभाऊ. कामाची अशी वाटणी असली की शहाणपण नेहमी खुर्चीकडे साठतं, हे मला फार उशिरा कळलं.

आता ज्या आकड्यानं सगळा घोळ केला तो आकडा सांगते. मोबाइल तुमची जागा दाखवतो, आणि शेजारी एक आकडाही दाखवतो. आपण सांगितलेली जागा किती मीटरनं चुकली असेल, याचा मोबाइलनंच केलेला तो अंदाज. उघड्या माळावर तीन किंवा चार. दाट झाडाखाली दहा, कधी पंधरा, कारण उपग्रहाचा सिग्नल फांद्यापानांवर आपटत, भरकटत खाली येतो. आकडा लहान तेवढी नोंद चांगली, असं सगळेच धरून चालतात. मीही धरलं. आणि नियम केला की पाचच्या वर आकडा असेल तर नोंद घ्यायचीच नाही, तो उतरेपर्यंत थांबायचं. मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावला. मला नियमांची हौस आहे. आमच्या घरी म्हणतात, करुणाला एक नियम द्या, तिला जेवण नको.

बन्सीभाऊंनी तो नियम असा पाळला की त्यांच्या वहीत पाचच्या वरचा आकडा औषधाला सापडायचा नाही. मोबाइल धरलेला हात डोक्यावर उंच करून ते उभे राहायचे, ओठातल्या ओठात शंभरपर्यंत मोजायचे, मग हात खाली घेऊन स्क्रीनवर बघायचे. आकडा उतरून स्थिर झाला असेल तर म्हणायचे, "बसला." नसेल तर "जरा सरकून" म्हणत पुन्हा शंभर. इतर संस्थांच्या पोरांच्या नोंदी नऊ, अकरा, तेरा अशा यायच्या आणि यांच्या तीन, चार, तीन. तनुजा म्हणायची, "काका, उपग्रह तुमच्या भावकीतले आहेत का?" ते लाजून हसायचे. गेल्या दिवाळीआधी शहरात एक कार्यशाळा झाली, तिथं मी त्यांची वही पडद्यावर दाखवली, त्यांना उभं केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. बन्सीभाऊंनी त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. परत येताना रिक्षात म्हणाले, "साखळी धरली वीस वर्षं, पण कुणी नाव नाय घेतलं. आज घेतलं."

"जरा सरकून" हे दोन शब्द मी तेव्हाच कान देऊन ऐकायला हवे होते.

हिवाळ्यात देवगाव रंगारीकडच्या एका रस्त्याचं काम आमच्याकडे आलं. रस्ता रुंद होणार होता. नव्या रस्त्याच्या मधल्या रेषेपासून पंधरा मीटरच्या आतली झाडं जाणार, बाहेरची राहणार. आम्ही प्रत्येक झाडाची जात, घेर आणि जागा द्यायची. चारशे अकरा झाडं होती. बन्सीभाऊंनी ती पाच आठवड्यांत एकट्यानं केली, मोटारसायकलवर, पाठीला डबा आणि पॉवरबँक बांधून. खोडांवर रंगानं नंबर घातले. दोनशे सतरा नंबरचा वड त्यांच्याच गावचा. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला, दगडी पार बांधलेला, आणि त्यावर दोनशेच्या वर वटवाघळं उलटी लटकलेली. रोज संध्याकाळी ती उठून बागांकडे जातात आणि जाताना अख्ख्या तालुक्यात बिया पेरत जातात. त्या पट्ट्यातला तेवढा एकच मोठा थवा. अहवालात त्या वडावर मी अख्खं पान लिहिलं होतं. ते झाड मी पाहिलं नव्हतं, फक्त फोटो पाहिले होते, हेही इथंच सांगून टाकते.

चैत्रात तोडायच्या झाडांची यादी आली. गुरुवारी दुपारी ती छापून टेबलावर ठेवली होती. बन्सीभाऊ पाणी प्यायला आत आले, सहज चाळायला लागले, आणि ग्लास हातात तसाच धरून उभे राहिले.

"मॅडम, दोनशे सतरा हितं कसं?"

"कुठं?"

"तोडायच्यात. त्यो वड रस्त्यापासून लई लांब हाय. पंधरा मीटरात कसा येईल? बैलगाडी वळते मधी."

तनुजानं नकाशा उघडला. आमचा बिंदू मधल्या रेषेपासून अकरा मीटरवर होता. मग तिनं त्याखाली उपग्रहाचा फोटो घातला. फोटोत वडाचा हिरवा गोल स्पष्ट दिसत होता, आणि आमचा बिंदू त्या गोलाच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला, मोकळ्या मातीवर. तनुजानं दुसरं मोठं झाड घेतलं. तिथंही तेच. तिसरं, चौथं. बाभळी, सुबाभळी, लहान कडुनिंब आपापल्या जागी होते. मोठ्या घेराची झाडं मात्र सगळीच रस्त्याकडे सरकलेली, कुठलं पाच मीटर, कुठलं सात. मोजली तर अशी त्रेसष्ट भरली, आणि त्रेसष्टही या चुकीपायी तोडायच्या यादीत गेली होती.

त्या वेळी मी जे बोलले ते मला आजही आठवतं. मी म्हणाले, "बन्सीभाऊ, तुम्ही गाडीवरून उतरलाच नाहीत ना? रस्त्यावर गाडी उभी केलीत आणि बसल्या जागी बिंदू घेतलेत."

त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला, त्याखाली सांडलेलं पाणी हातानं पुसलं. मग म्हणाले, "उद्या चला माझ्यासंगं. जसं केलं तसं करून दाखवतो."

शुक्रवारी आम्ही तिघं गेलो. पहिलंच मोठं झाड चिंचेचं होतं. बन्सीभाऊंनी गाडी रस्त्याच्या खाली उतरवून लावली, खोडापाशी गेले, घेर मोजला, नंबर पाहिला. घड्याळ माझ्या हातात दिलं. मोबाइल वर धरला, शंभर मोजले. बारा. एक पाऊल सरकले, शंभर. अकरा. पुन्हा सरकले. झाडाच्या तीन बाजूंना घाणेरी आणि काटे, मोकळी बाजू फक्त रस्त्याकडची. माणूस सरकणार तिकडंच. सहा वेळा शंभर मोजून ते चिंचेच्या सावलीबाहेर उन्हात आले तेव्हा आकडा चारवर आला.

"बसला," ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीच म्हणला व्हता मॅडम, पाचच्या वर घ्यायचा नाय."

मी त्यांचं घड्याळ हातात धरून तिथं उभी होते. आकडा खरा होता. माणूस खरा होता. जागा तेवढी चिंचेची नव्हती, बन्सीभाऊंची होती. नऊ-अकराच्या नोंदी आणणारी ती पोरं खोडाला टेकून उभी राहिली होती, म्हणून त्यांची झाडं जागेवर होती. आणि मी त्यांना हसून यांना टाळ्या मिळवून दिल्या होत्या. आळशी माणसाकडून ही चूक झाली नसती. नियम जिवापाड पाळणाऱ्याकडूनच होणार होती. मी त्यांची माफी मागितली, तिथंच, चिंचेखाली, तनुजासमोर. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मॅडम. आता झाडं कशी वाचवायची ते सांगा."

रस्त्याच्या कामाचे साहेब फोनवर ठणकावून बोलले. यादी तुमचीच, सही तुमचीच, मग आता कशाला बोंब मारता? नवीन मोजणी पुराव्यासकट सोमवारी द्या, बघू. तोडणारी टोळी दुसऱ्या टोकाकडून लागली आहे, तुमच्या झाडांपर्यंत यायला वेळ आहे, तरी मी त्यांना सांगतो. मी विचारलं, लेखी सांगाल का? ते म्हणाले, लेखी नवीन यादी मंजूर झाल्यावर.

आमच्या हातात शनिवार आणि रविवार होता. ओळखीच्या एकाकडून अँटेनावालं चांगलं यंत्र मागून आणलं, पण दाट झाडाखाली तेही गडबडायला लागलं. तेव्हा बन्सीभाऊ म्हणाले, "मॅडम, ऊन पडतं तिथं यंत्र ठेवा. खोडापतूर मी साखळीनं नेतो." इतकं सोपं होतं. आकाश दिसेल अशा जागी यंत्र दहा मिनिटं हलवायचं नाही, एका रीडिंगवर विश्वास न ठेवता सगळ्यांची सरासरी घ्यायची, आणि तिथून खोडापर्यंतची दिशा, साखळी लांब ठेवून, होकायंत्रानं आणि मग अंतर साखळीनं मोजून हिशेबात धरायचं. तासाभरानं परत येऊन तीच जागा पुन्हा तपासायची. पलंगाखालची साखळी निघाली. होकायंत्र आलं तसं घड्याळ काढण्यालाही अर्थ आला. दोन दिवस बन्सीभाऊ साखळी अशी ताणून धरत होते की माझ्या तळहाताला फोड आले. तनुजा म्हणाली, "काका, जरा ढिली सोडा की." ते म्हणाले, "ढिली सोडली म्हणून तर हे झालं पोरी."

साखळी कुणी ढिली सोडली होती ते मला माहीत होतं.

दोनशे सतरा त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं. रविवारी चारच्या सुमारास तिथं पोचलो. मुक्ताबाई वस्तीवरून चालत आली होती, लेकाला आणि आम्हाला भाकरी, पिठलं, ठेचा घेऊन. वड फोटोपेक्षा मोठा होता. वटवाघळांचा कलकलाट आणि आंबूस वास. रस्त्याच्या बाजूनं विजेच्या तारा गेलेल्या, त्यामुळं त्या बाजूच्या फांद्या दरवर्षी छाटतात, म्हणून तिकडं पारापर्यंत आभाळ उघडं. तनुजा उत्साही मुलगी, ती चपला काढून थेट पारावर चढली आणि मोबाइल वर धरला.

"काका, इथं खोडापाशीच चार येतोय! मग तुम्ही त्या दिवशी एवढ्या लांब का गेलात?"

बन्सीभाऊ खोडापासून तेरा मीटरवर, जुना बिंदू घेतला त्याच जागी उभे होते. तिथं जमिनीत अर्धा रुतलेला एक काळा दगड होता आणि ते त्याच्या शेजारी, अगदी लागून उभे होते. दुसऱ्या कुठल्याही झाडापाशी ते सात मीटरच्या पलीकडं गेले नव्हते. त्यांनी पायाखाली पाहिलं, मग वर तारांकडं, मग परत पायाखाली.

"काय की," ते म्हणाले. "पाय हितंच थांबले."

"त्याचा बाप थांबायचा तिथं," मुक्ताबाई म्हणाली.

ती रस्त्याच्या कडेला भाकरीचं फडकं सोडत बसली होती. वर न पाहता बोलत होती. "याचा बाप गावकीचं काम करायचा, बाई. सांगावा आणायचा, कुणी मेलं तर पाव्हण्याच्या गावाला जायचा. आला की पारावरली माणसं हाक मारस्तोवर त्या धोंड्यापाशी उभा. पारावर नाय, सावलीत बी नाय. तवा सावली धोंड्यापतूर यायची, फांद्या तोडत नव्हते. हा बापाचं बोट धरून उभा ऱ्हायचा, पाच-सहा वर्षांचा. मग वस्तीनं ते काम सोडलं. कायमचं सोडलं. कुणी काय म्हणायची टाप नव्हती मग." तिनं भाकरी मोडली. "पण तवर याचे पाय शिकले व्हते."

तनुजा पारावरून हळूच उतरली. बन्सीभाऊंच्या चेहऱ्यावर राग नव्हता, मला वाटलं होतं तसं दुःखही नव्हतं. त्यांना लाज वाटत होती. आणि ते बघून मला माझी लाज वाटली. आमचं गाव पैठण रस्त्याला, चितेगावच्या पुढं. तिथंही असाच पार आहे, आणि माझे आजोबा त्यावर बसून गावाचा कारभार बघायचे. ते किती रुबाबदार दिसायचे हे घरी आम्हाला नेहमी सांगितलं गेलं. समोर उन्हात कोण उभं असायचं, हे कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

"मला नाय कळलं मॅडम," बन्सीभाऊ म्हणाले. "आईशप्पथ. मला वाटलं आकड्यापायीच थांबलोय."

मोजायचं तर होतंच. मी म्हणाले, "तुम्ही खोडाकडचं टोक घ्या, मी दगडापाशी थांबते." त्यांनी साखळीच्या टोकाची मूठ माझ्याच हातात दिली. "तुम्ही जा मॅडम. मला हितनं ताणायला बरं पडतंय." मी आग्रह केला नाही. वाटलं, एवढी घाई कशाला, झाड कुठं जातंय, पुढच्या वेळी येतील वर. मी पारावर गेले, खोडाला मूठ लावली, आणि तेरा मीटर पलीकडून बन्सीभाऊंनी साखळी अशी ताणली की ती सरळ रेषेत थरथरायला लागली. खोड मधल्या रेषेपासून चोवीस मीटरवर निघालं. पंधराच्या हद्दीबाहेर नऊ मीटर. कुणीही डोळ्यांनी बघून सांगितलं असतं. पण डोळ्यांनी बघायला कुणी आलं नव्हतं, मीसुद्धा.

सोमवारी अकराच्या आत त्रेसष्ट झाडांची नवी मोजणी, फोटो आणि माझं चुकीची कबुली देणारं पत्र साहेबांच्या टेबलावर होतं. कबुलीत मी लिहिलं, चूक पद्धतीची आहे आणि पद्धत माझी आहे. साहेबांनी पोच दिली, फाइल वर पाठवतो म्हणाले. मंगळवारी मी दोनदा फोन केला. मंजुरी यायची होती. बुधवारी सकाळी साडेनऊला बन्सीभाऊंच्या मोबाइलवर मुक्ताबाईचा फोन आला. ते खिडकीपाशी जाऊन बोलले. "व्हय... व्हय आये. तू लांब उभी ऱ्हा," एवढंच ऐकू आलं.

टोळीला थांबवा म्हणून मी साहेबांना फोन लावत राहिले, त्यांनी उचलला नाही, त्यात वेळ गेला आणि आम्ही तीन तासांनी पोचलो; गाडी मीच चालवली. टोळी या टोकाला ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी पोचली होती. त्यांच्या हातात जुनी यादी होती आणि खोडावर बन्सीभाऊंनी सुंदर अक्षरात घातलेला २१७. मुकादम बिचारा आम्हालाच समजावत होता की ताई, आम्हाला नंबर दिसला, यादीत नंबर होता, थांबायचं कुणी सांगितलंच नाही. पार तसाच होता. त्यावर कापलेलं खोड, पांढरं, ओलं, भाकरीच्या मोठ्या परातीपेक्षा पाचपट रुंद. वटवाघळं भर उन्हात घिरट्या घालत होती, दमली की शेजारच्या कडुनिंबावर एकमेकांवर आदळत बसायची. मुक्ताबाई सांगितल्याप्रमाणं लांब उभी होती. त्या काळ्या दगडापाशी.

वड आणि त्या सकाळी त्याच्याआधी पडलेलं एक झाड सोडून त्रेसष्टातली एकसष्ट झाडं पुढे वाचली, नवी यादी अकरा दिवसांनी मंजूर झाली. लोक मला सांगतात, करुणा, एकसष्ट ही काय कमी झाली? भिंतीवरचा नियम मी वड पडला त्याच रात्री फाडून टाकला.

त्या दुपारी मी गाडीकडे वळले तेव्हा बन्सीभाऊ म्हणाले, "मॅडम, वही घ्या. नोंद घ्यायची ऱ्हायलीय." मी म्हणाले, आता कसली नोंद? ते म्हणाले, "आपल्या वहीत त्याची अजून जुनीच, चुकीची जागा हाय. साखळीचं टोक तुम्ही नेलं व्हतं, मी गेलोच नव्हतो. एकदा बरोबर लिहू."

त्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. रस्ता सोडून, दगड ओलांडून ते चालत गेले आणि पारावर चढले. मग कापलेल्या खोडाच्या बरोबर मधोमध उभे राहिले आणि हात उंच केला. विसापर्यंतही मोजावं लागलं नसेल. डोक्यावर एक पान नव्हतं. पण ते मोजत राहिले, ओठ हलताना मला दिसत होते. मध्येच थांबून त्यांनी हाक मारली, "आये, ये की वर. बस हितं."

"आता कशाला रं?" मुक्ताबाई उन्हातूनच म्हणाली. "सावली व्हती तवा कुणी बोलावलं नाय."

बन्सीभाऊंनी हात खाली घेतला नाही. शंभर पूर्ण केले, मग मोबाइल डोळ्यांसमोर धरला.

"दोन," ते म्हणाले. पाच वर्षांत त्यांना एवढा लहान आकडा कधी मिळाला नव्हता. "बसला मॅडम. लिहा."

मी लिहिलं.